पत्राला हात लावला की सही मोडते: मेलिंग लिस्ट नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

“मला लिस्टवरून का काढलंत?” असा मी चालवतो त्या मेलिंग लिस्टच्या (एका पत्त्यावर आलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचवणारी यादी) एका सभासदबाईंचा मेल आला. मी कुणालाच काढलं नव्हतं. यादी उघडून पाहिली तर बाईंचं नाव जागच्या जागी होतं, पण पुढे ‘डिलिव्हरी बंद’ अशी खूण. खाली सरकत गेलो तशा आणखी खुणा दिसत गेल्या, आणि सगळे पत्ते जीमेलचे. सर्व्हर ज्या कंपनीकडे होता तिच्या मदतकक्षाने दोन दिवस एकच पालुपद लावलं: तुमचा सर्व्हर कुठल्याही काळ्या यादीत नाही. ते खरंच होतं, पण आमचं दुखणं वेगळं होतं. शेवटी लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी) चाळताना उलगडा झाला. आमच्यातले एक उत्साही गृहस्थ याहूच्या पत्त्यावरून जवळजवळ रोज लिहायचे. त्यांचं प्रत्येक पत्र जीमेल दारातूनच परत पाठवत होतं आणि परत आलेल्या पत्रांचा दोष आमचं सॉफ्टवेअर बिचाऱ्या जीमेलवाल्यांच्या खात्यावर मांडत होतं. लिहिणाऱ्याला धक्का लागला नाही, वाचणारे मात्र गळाले.

लिस्ट चालवायला घेतलेल्या बहुतेकांना हे कोडं कधी ना कधी पडतं. ते सोडवायला मेल सर्व्हरचं शास्त्र कोळून प्यायची गरज नाही. खाली जे काही सांगितलंय ते सगळं एका नियमावर उभं आहे: पत्र जसं आलं तसंच पुढे द्या, नाहीतर त्यात बदल करून ते स्वतःच्या नावाने पाठवा. बदल तुमचा आणि नाव दुसऱ्याचं, हे आता चालत नाही.

आधी हे समजून घ्या: एका मेलवर दोन ‘पाठवणारे’ असतात

कागदी पत्रात पाकिटावर एक नाव आणि आत सहीखाली एक नाव असू शकतं. मेलचंही तसंच आहे. सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा आधी पाकिटावरचा पत्ता सांगतात. मेल पोचली नाही तर ती याच पत्त्यावर परत येते, आणि वाचणाऱ्याला हा पत्ता सहसा दिसतही नाही. आपल्याला पडद्यावर ‘फ्रॉम’ म्हणून दिसतं ते पत्राच्या आतलं नाव. ही दोन नावं एकच असावीत अशी सक्ती मेलच्या मूळ रचनेत कधीच नव्हती. मेलिंग लिस्ट चालतात त्या याच सवलतीवर. पाकिटावर लिस्टचा पत्ता असतो, म्हणजे परत आलेल्या मेल लिस्टकडे येतात, आणि आत मूळ लेखकाचं नाव असतं, म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. फसवणूक करणारेही हीच सवलत वापरतात. सगळा तिढा इथून सुरू होतो.

बनावट नावांना आवर घालायला एकामागून एक तीन उपाय आले.

पहिला एसपीएफ. याचं नियमपत्रक २००६ साली निघालं. डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा) मालक डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनांच्या जाहीर नोंदवहीत, सांगून ठेवतो की माझ्या नावाने मेल पाठवायचा हक्क अमुक अमुक सर्व्हरना आहे. पण एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचं नाव. आतल्या ‘फ्रॉम’शी त्याला देणंघेणं नाही.

दुसरा डीकिम, २००७ सालचा. यात पाठवणारा सर्व्हर पत्रावर एक गणिती सही करतो. सहीखाली काही हेडर (पत्राच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी) येतात, त्यांत ‘फ्रॉम’ असावंच लागतं आणि ‘सब्जेक्ट’, ‘डेट’, ‘टू’ बहुधा असतात. शिवाय मजकुराचा एक हॅशही (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) येतो. सही तपासायची किल्ली डीएनएसमध्ये उघड ठेवलेली असते. पत्र किती हातांतून गेलं याला महत्त्व नाही. वाटेत कुणी बदललं नसेल तर सही टिकते.

तिसरा डीमार्क. २०१२ मध्ये त्याची घोषणा झाली आणि २०१५ मध्ये तो आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७४८९ म्हणून छापला गेला. डीमार्कचा प्रश्न साधा आहे: वाचणाऱ्याला ‘फ्रॉम’मध्ये जे डोमेन दिसतंय, त्याच डोमेनच्या नावाने एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एक तरी पास झालं का? नाव जुळलं पाहिजे, ही मेख. नुसतं पास होऊन भागत नाही. आणि जुळलं नाही तर काय करायचं तेही डोमेनचा मालकच सांगून ठेवतो. डीएनएसमधल्या त्याच्या रेकॉर्डमध्ये (नोंदीत) ‘पी’ नावाचा एक खण असतो. त्यात ‘नन’ लिहिलं असेल तर काही करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातून परत पाठवा.

लिस्टवर नेमकं काय बिघडतं

एका पत्रामागे चालत जाऊ. याहूवाले गृहस्थ लिस्टला लिहितात: “उद्याच्या ग्रहणाबद्दल”. याहू त्यावर डीकिमची सही करतं. पत्र आमच्या सर्व्हरवर येतं आणि सॉफ्टवेअर नेमून दिलेली चार कामं करतं. विषयाच्या आधी चौकटी कंसात लिस्टच्या नावाचा बिल्ला, ‘आकाश’, लावतं. शेवटी दोन ओळींची तळटीप जोडतं, ‘सभासदत्व रद्द करण्यासाठी इथे जा’. मोठी जोडपत्रं कापतं. पाकिटावरचा पत्ता बदलून आमचा ठेवतं. मग प्रत्येकाला एकेक प्रत.

जीमेलच्या दारात तपासणी होते. एसपीएफ पास होतं, पण आमच्या डोमेनच्या नावाने, कारण पाकिटावर आता आम्ही आहोत. ‘फ्रॉम’मध्ये याहू आहे, म्हणजे जुळत नाही. डीकिम? सही याहूचीच आहे, पण तिच्याखालचा विषय बदललाय आणि मजकूर दोन ओळींनी वाढलाय. सही मोडली. डीमार्कच्या दृष्टीने दोन्ही गेले. याहूचं धोरण पाहिलं तर ‘रिजेक्ट’. पत्र परत.

इथे जीमेलची चूक नाही, याहूची म्हणावी तर तीही पूर्ण नाही. सर्व्हरला दिसतं ते एवढंच: एक परका सर्व्हर याहूचं नाव लावून बदललेला मजकूर घेऊन दारात उभा आहे. भामटा आणि लिस्ट, दोघंही त्याला अगदी सारखेच दिसतात.

विषयात नाव घालणं, तळटीप लावणं या रीती फार जुन्या. लिस्टसर्व्ह हे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर १९८६ सालचं आहे, तेव्हा डीमार्क कुणाच्या स्वप्नातही नव्हता. डीमार्क बँका, पैसे पाठवण्याच्या सेवा, विक्रीची संकेतस्थळं अशांसाठी उत्तम होता. त्यांचे मेल यंत्रं पाठवतात आणि ते थेट गिऱ्हाइकाकडे जातात. मग २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या मुख्य डोमेनसाठी ‘रिजेक्ट’ जाहीर केलं. त्याच महिन्यात एओएलनेही केलं. चोरीला गेलेल्या अ‍ॅड्रेस बुकांतली नावं लावून ओळखीच्यांना स्पॅम पाठवण्याचा तेव्हा सुळसुळाट होता, त्यावर हा जालीम उपाय. पण या डोमेनांवर जिवंत माणसं लिहीत होती आणि ती जगभरच्या लिस्टवर होती. एका रात्रीत त्यांची पत्रं दुसऱ्यांच्या दारातून परत येऊ लागली.

पहिली पायरी: रोग हाच आहे ना, ते पाहा

परत आलेली एखादी मेल उघडा. जीमेलकडून आलेल्या नकारात ५५० आणि ५.७.२६ हे आकडे असतील आणि मजकुरात डोमेनच्या डीमार्क धोरणाचा उल्लेख असेल, तर दुखणं हेच. ‘मेलबॉक्स भरला’, ‘असा पत्ता नाही’ असं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

मग लिहिणाऱ्याच्या डोमेनचं धोरण बघा. डीएनएसमध्ये डोमेनच्या आधी अंडरस्कोअर, ‘डीमार्क’ हा शब्द आणि टिंब लावून टीएक्सटी रेकॉर्ड विचारायचं. ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने एका ओळीत काम होतं. आज्ञांची भीती वाटत असेल तर हेच दाखवणारी फुकट संकेतस्थळं पुष्कळ आहेत. उत्तरात ‘पी’समोर काय आहे ते वाचा. उपडोमेनला स्वतःचं रेकॉर्ड नसेल तर मुख्य डोमेनचं लागू होतं. तिथे ‘एसपी’ असा खण असेल तर उपडोमेनसाठी तो पाहायचा.

आता स्वतःच्या लिस्टवर एक चाचणीपत्र टाका आणि मिळालेली प्रत उघडा. जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ सापडेल. वर एक छोटा तक्ता दिसतो: एसपीएफ, डीकिम, डीमार्क आणि समोर निकाल. खाली कच्च्या हेडरमध्ये ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ नावाची लांबलचक ओळ असते. तीच खरी वाचायची. आमच्या ओळीचा सारांश असा होता:

एसपीएफ: पास, लिस्टच्या डोमेनसाठी
डीकिम: मजकुराचा हॅश जुळला नाही
डीमार्क: फेल

पहिल्याच ओळीत ‘पास’ दिसतं म्हणून मी कितीतरी वेळ खूश होतो. कुणासाठी पास, हे मी वाचलंच नव्हतं.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. तुम्ही जीमेलवरून लिस्टला लिहिलंत तर लिस्टवरून परत आलेली स्वतःची प्रत जीमेल वेगळी दाखवत नाही, मूळ पाठवलेलीच पुरेशी मानतं. चाचणीसाठी निदान दोन वेगळी खाती ठेवा आणि त्यांतलं एक ‘रिजेक्ट’ धोरणाच्या डोमेनवरचं असू द्या. नाहीतर ‘मेल आलीच नाही’ म्हणून तुम्ही अर्धा दिवस भलतीकडे शोधत बसाल.

दुसरी पायरी: आधी आपलं घर आवरा

लिस्टच्या स्वतःच्या डोमेनचं एसपीएफ रेकॉर्ड हवं आणि त्यात लिस्ट ज्या सर्व्हरवरून जाते त्याचा पत्ता हवा. एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड असावं. दोन लिहिलीत तर तपासणीत चूक म्हणून गणलं जातं. दुसऱ्या सेवांची रेकॉर्ड आत ओढत असाल तर डीएनएसच्या शोधांची मर्यादा १० आहे, ती ओलांडू नका.

डीकिमची सही तुमच्या डोमेनच्या नावाने हवीच. नवख्यांची हमखास चूक इथे होते. सही करणारं सॉफ्टवेअर असं जोडलेलं असतं की ते लिस्टमध्ये येणाऱ्या पत्रावर सही करतं, मग लिस्ट त्यात तळटीप घालते आणि आपणच केलेली सही आपणच मोडतो. सही अगदी शेवटी, पत्र घराबाहेर पडताना व्हायला हवी. लेखकाच्या डोमेनची मोडकी सही पत्रात राहिली तर राहू द्या. नियमाप्रमाणे मोडलेली सही म्हणजे सही नसल्यासारखीच.

एसपीएफ असताना डीकिम कशाला, असं काही जण विचारतात. तुमच्या सभासदांपैकी कुणीतरी कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर लिस्ट घेतं आणि तिथून ती आपोआप दुसऱ्या खात्यात वळवलेली असते. त्या वळणावर एसपीएफ गळतं, कारण शेवटचा सर्व्हर कॉलेजचा असतो. डीकिम मात्र टिकतं.

शेवटी लिस्टच्या डोमेनसाठी डीमार्क रेकॉर्ड ठेवा, सुरुवातीला ‘नन’च. ‘आरयूए’ या खणात एखादा पत्ता द्या, म्हणजे मोठे मेल-पुरवठादार त्यावर रोजचे अहवाल पाठवतात. ते एक्सएमएलमध्ये असतात, वाचायला रटाळ, पण तुमच्या नावाने कोण कुठून मेल पाठवतंय हे त्यातून कळतं. आठवड्यातून एकदा नजर टाकली तरी पुरे.

तिसरी पायरी: हात लावायचा की नाही, ते ठरवा

निर्णय खरा इथे आहे आणि सॉफ्टवेअर तो तुमच्यासाठी घेणार नाही.

पहिला मार्ग: पत्राला हातच लावायचा नाही. विषयात नाव नाही, तळटीप नाही, जोडपत्रांची कापाकापी नाही, एचटीएमएल काढून साधा मजकूर करणं नाही, ‘रिप्लाय-टू’ (उत्तर कुठे जावं ते सांगणारं हेडर) बदलणं नाही. असं केलंत तर मूळ लेखकाची डीकिम सही जशीच्या तशी पोचते. सही त्याच्याच डोमेनची असते, ‘फ्रॉम’ही त्याचंच, नाव जुळतं, डीमार्क पास होतो. पाकिटावर तुमचा पत्ता असला तरी बिघडत नाही, कारण दोनातलं एक जुळलं की झालं. लिनक्स कर्नलच्या विकासाच्या लिस्ट अशाच चालतात. विषयात बिल्ला नाही, खाली तळटीप नाही.

सभासद विचारतील, मग लिस्टची पत्रं ओळखायची कशी? त्यासाठी ‘लिस्ट-आयडी’ नावाचं हेडर २००१ पासून ठरलेलं आहे. मेल प्रोग्रामात त्यावर फिल्टर लावता येतो. सभासदत्व रद्द करण्याची सोय ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ हेडरमध्ये ठेवता येते, ते तर १९९८ सालचं. पुष्कळ मेल प्रोग्राम त्यावरून स्वतःच बटण दाखवतात.

या मार्गाच्या दोन अडचणी आहेत. एक, सही किती हळवी आहे ते पाठवणाऱ्यावर अवलंबून. डीकिमला दोन प्रकारे मोजता येतं. ‘सिंपल’ पद्धतीत मजकुरातली एखादी जास्तीची रिकामी जागाही सही मोडते, ‘रिलॅक्स्ड’मध्ये तेवढं खपतं. पण अक्षर एकही बदललेलं चालत नाही, दोन्हींत. दुसरी अडचण जास्त छुपी. काही पाठवणारे पत्रात नसलेल्या हेडरवरही सही करतात, म्हणजे ‘या पत्रात रिप्लाय-टू नाही’ हेसुद्धा सहीत बांधून टाकतात. लिस्टने ते हेडर घातलं की सही गेली. क्वचित कुणी ‘लिस्ट’ने सुरू होणारी हेडरंही अशी बांधून ठेवतो. त्यापुढे तुमचा इलाज नाही. त्या सभासदाला त्याच्या मेल-व्यवस्थापकाशी बोलायला सांगा. आणि ज्या पत्रावर मुळात डीकिमच नव्हतं, फक्त एसपीएफच्या भरवशावर आलं होतं, ते या मार्गाने वाचणार नाही.

दुसरा मार्ग: पत्र स्वतःच्या नावाने पाठवायचं. ‘फ्रॉम’मध्ये लेखकाच्या पत्त्याच्या जागी लिस्टचा पत्ता येतो आणि नावाच्या जागी ‘अमुक व्हाया आकाश’ असं काहीतरी. आता एसपीएफ तुमचं, डीकिम तुमचं, ‘फ्रॉम’ही तुमचं. सगळं जुळतं आणि तळटीप, बिल्ला, जे हवं ते ठेवता येतं. गूगल ग्रुप्समध्ये ‘व्हाया’ दिसतं ते याचमुळे.

मेलमन हे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर २०१४ च्या मे महिन्यात आलेल्या २.१.१८ आवृत्तीपासून ही सोय आहे. मेलमन ३ मध्ये लिस्टच्या सेटिंगांत ‘डीमार्क मिटिगेशन्स’ हे वेगळं पानच आहे. तिथे दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय करायचं: ‘फ्रॉम’ बदलायचं, मूळ पत्र दुसऱ्या पत्राच्या पोटात घालून पाठवायचं, की असं पत्र नाकारायचं. आणि कुणासाठी: फक्त कडक धोरणाच्या डोमेनसाठी, की सरसकट सगळ्यांसाठी. पोटात घालण्याची कल्पना कागदावर सुबक आहे, मूळ पत्र अगदी शाबूत राहतं. पण फोनवर वाचणाऱ्याला रिकामं पत्र आणि एक अनोळखी जोडपत्र दिसतं. मी ते आठ दिवस चालवून पाहिलं आणि मग बंद केलं.

सरसकट की निवडक? इथे जाणकारांतही दोन तट आहेत. निवडक ठेवलं तर एकाच लिस्टवर काहींची नावं सरळ आणि काहींची ‘व्हाया’ लावून येतात. लोक विचारत राहतात आणि दर वेळी डीमार्क समजावून सांगावा लागतो. माझं मत असं की तळटीप ठेवणारच असाल तर सरसकट करा. उद्या एखाद्या डोमेनने ‘नन’वरून ‘रिजेक्ट’वर उडी मारली तरी तुम्हाला काही करावं लागत नाही. तांत्रिक मंडळींची लिस्ट असेल तर पहिला मार्ग धरा, त्यांना फिल्टर लावता येतात.

‘फ्रॉम’ बदलण्याची किंमत मात्र आधीच जाणून घ्या. सर्वांत मोठा धोका उत्तराचा. लेखकाला खासगी चार शब्द लिहायचे म्हणून माणूस ‘रिप्लाय’ दाबतो आणि ते चार शब्द सगळ्या लिस्टला जातात. म्हणून लेखकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये टाकण्याची काळजी घ्या आणि दोनतीन वेगळ्या मेल प्रोग्रामांतून ‘रिप्लाय’ दाबून पत्र खरोखर कुठे जातं ते स्वतः पाहा. दुसरं, सभासदांच्या अ‍ॅड्रेस बुकांत लिस्टचा पत्ता दहा जणांच्या नावांनी साठतो आणि महिन्याभराने कुणीतरी नाव टंकून खासगी पत्र लिस्टवर टाकतो. तिसरं, नावावरून लावलेले फिल्टर चुकतात. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफलाही स्वतःच्या लिस्टवर या दुखण्यातून वाट काढावी लागली. त्यांनी लेखकाचा पत्ता आपल्या एका उपडोमेनाखाली गुंफून लिहायची युक्ती काढली. प्रत्येक लेखकाचा पत्ता त्यामुळे वेगळा राहतो आणि त्यावर लिहिलेलं पत्र त्याच्यापर्यंत पोचतं. छोट्या लिस्टला एवढा खटाटोप झेपत नाही.

आर्क: असलं तर बरं, भिस्त ठेवू नका

२०१९ च्या जुलैमध्ये आरएफसी ८६१७ म्हणून ‘आर्क’ आला, प्रायोगिक या शिक्क्यासह. कल्पना अशी: पत्र हाती आलं तेव्हा सगळं ठीक होतं, हे लिस्ट लिहून ठेवते आणि त्यावर मोहोर करते. पुढचा सर्व्हर ती मोहोर पाहून म्हणू शकतो की सही आता मोडलेली आहे, पण लिस्टपाशी पोचली तेव्हा धड होती. घोडं अडतं ते विश्वासापाशी. मोहोर भामटाही करू शकतो. त्यामुळे कुणाच्या मोहरेवर विश्वास ठेवायचा हे घेणाऱ्यावर असतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तर विश्वासातल्या मोहोर करणाऱ्यांची यादी त्या संस्थेच्या व्यवस्थापकाला स्वतः भरता येते. मेलमन ३ मध्ये आर्कची सोय आहे, चालू ठेवायला हरकत नाही. पण छोट्या लिस्टने त्याच्या भरवशावर ‘फ्रॉम’ न बदलता तळटीप लावत राहू नये.

चौथी पायरी: गळालेल्यांना परत आणा

हे काम लोक विसरतात. मेलमनमध्ये परत आलेल्या मेलचे गुण मोजले जातात, एका दिवसात जास्तीत जास्त एक गुण. मेलमन २ च्या मूळ मांडणीत ५ गुण झाले की डिलिव्हरी बंद होते, मग सात-सात दिवसांनी तीन इशारे जातात आणि शेवटी नाव कटतं. म्हणजे याहूवाल्या एका माणसाने पाच वेगवेगळ्या दिवशी लिहिलं, एवढ्याने डीमार्क पाळणाऱ्या सर्व्हरवरचे तुमचे सगळे सभासद बंद पडू शकतात. इशाऱ्याचे मेल लिस्टच्या स्वतःच्या नावाने जातात म्हणून ते पोचतात खरे, पण असे मेल उघडून वाचतो कोण?

तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत गुणांची मर्यादा वाढवा, किंवा ही मोजणी सरळ बंद ठेवा. दुरुस्ती झाल्यावर ‘परत आलेल्या मेलमुळे बंद’ अशी खूण असलेल्यांना चालू करा. त्यातले काही पत्ते खरंच मेलेले असतील, ते पुढच्या आठवड्यात आपोआप पुन्हा बंद होतील. कायमची कटलेली नावं लॉगमधून शोधावी लागतात. त्यांना परस्पर भरती करू नका, एक ओळ लिहून विचारा.

लिस्ट मोठी असेल तर

२०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. गूगलची मोजपट्टी अशी की एका डोमेनवरून दिवसाला जीमेलच्या खासगी खात्यांना ५,००० च्या आसपास मेल गेल्या की तुम्ही मोठे पाठवणारे. मग एसपीएफ आणि डीकिम दोन्ही लागतात, डीमार्क निदान ‘नन’ तरी लागतो, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात आणि जाहिरातवजा व वर्गणीच्या मेलना एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ च्या मे महिन्यात आउटलुकच्या खासगी खात्यांसाठी याच धर्तीचे नियम आणले. ५,००० हा आकडा वाटतो तेवढा लांबचा नाही. ‘फ्रॉम’मध्ये तुमचं डोमेन आणि जीमेलवाले ५०० सभासद असतील, तर एका दिवशी दहा पत्रांची चर्चा रंगली की झाले.

धोरण तुमच्याच हातात असेल तर

काही वाचक दुसऱ्या बाजूचे असतील, म्हणजे आपल्या संस्थेच्या डोमेनला डीमार्क लावायला बसलेले. सुरक्षेची तपासयादी पुढे ठेवून पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लिहू नका. ‘नन’ ठेवून काही आठवडे अहवाल वाचा. त्यात तुमचे लोक कुठल्या लिस्टवर लिहितात तेही ओळखू येईल: एसपीएफ कुठल्यातरी परक्या डोमेनचं पास आणि तुमची डीकिम सही मोडलेली, अशा नोंदी बहुधा लिस्टच्या असतात. पावत्या, पासवर्डाचे मेल अशी यंत्रांची पत्रं एका उपडोमेनवर हलवून तिथे बिनधास्त ‘रिजेक्ट’ लावा. माणसं जिथून लिहितात तिथे सबुरीने घ्या. आणि सगळ्या मेलवर डीकिम आहे ना हे पाहा, कारण लिस्टमधून तगून जाऊ शकते ती हीच एक सही.

आमच्याकडे शेवटी काय झालं? बिल्ला काढला, तळटीप राहिली आणि ‘फ्रॉम’ सरसकट लिस्टचं केलं. बिल्ला गेल्यावर दोघांनी कुरकुर केली, त्यांना ‘लिस्ट-आयडी’वर फिल्टर लावून दिला. सर्व्हरची आवृत्ती बदलली किंवा कुणी सेटिंगांत हात घातला की मी याहूच्या खात्यातून लिस्टला एक ओळ लिहितो, जीमेलच्या खात्यात ती उघडतो आणि तीन टिंबांत जाऊन तक्ता पाहतो. दोन मिनिटं लागतात. मागच्या वेळी त्यात डीकिम फेल दिसलं. नव्या सर्व्हरवर सही पुन्हा तळटिपेच्या आधी होत होती.